न धुतलेली लोकर आणि खताची परिभाषा

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव मराठी वाचकास प्रामुख्याने नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या आडनावामुळे परिचित आहे. प्रस्तुत लेखात त्या गावाचा विचार निराळ्या निमित्ताने करावयाचा आहे. कुरुंदा आणि त्याभोवतालचा टापू हा बेसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या जमिनीचा टापू होय. कापूस, सोयाबीन, ऊस आणि विशेषतः हळद ही येथील पिके. हळद हे खादाड पीक असून तिच्यासाठी दरवर्षी बाहेरून नत्र पुरवावे लागते. मराठवाड्यात अन्यत्र होते त्याप्रमाणे सुगीनंतर मोकळ्या झालेल्या रानांत मेंढ्यांचे कळप उतरतात. शेतकरी मेंढपाळास आपल्या शेतात रात्री मेंढ्या बसवावयास सांगतो आणि त्याबद्दल धान्य किंवा रोख रक्कम देतो. हा व्यवहार जुना आहे, उभयपक्षी लाभाचा आहे आणि त्याला मराठीत स्वतःचे शब्द आहेत.

त्याच मेंढ्यांच्या अंगावरील लोकरीची स्थिती मात्र वेगळी आहे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व बहुधा काळी किंवा करडी असते. तिचे परंपरागत गिऱ्हाईक म्हणजे घोंगडी विणणारा सणगर किंवा खुटेकर धनगर. गिरणीच्या आणि कृत्रिम धाग्याच्या स्वस्त ब्लँकेटांमुळे घोंगडीची मागणी घटली व लोकरीचा भाव इतका उतरला की, पठारावर पुष्कळ ठिकाणी कातरणीची मजुरीही तीतून सुटत नाही. विकली न गेलेली लोकर टाकून दिली जाते. वस्तुतः ही लोकर वजनाच्या मानाने नत्राचा मोठा साठा होय.

तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, मेंढीच्या लेंडीचे मोल पूर्णपणे जाणणाऱ्या आपल्या कृषिपरंपरेस तिच्या लोकरीचे खत म्हणून मोल का दिसले नाही? या प्रश्नाचे अर्धे उत्तर अर्थव्यवहारात आहे. लोकरीला कापड म्हणून दाम मिळत होता तोवर ती जमिनीत पुरणे हा वेडेपणाच ठरला असता. उरलेले अर्धे उत्तर भाषेत आहे. पहिले कारण आता बहुतांशी नाहीसे झाले. दुसरे अद्याप कायम आहे. म्हणून शब्दांपासून आरंभ करून पदार्थाकडे जावयाचे आणि पदार्थाचा हिशेब झाल्यावर पुन्हा शब्दांकडे परतावयाचे, असा या विवेचनाचा क्रम ठेवला आहे.

१. शब्दांची संगत

एखाद्या वस्तूविषयी भाषिक समाजाचे ज्ञान काय आहे, हे तिच्या नावापेक्षा त्या नावाबरोबर वावरणाऱ्या क्रियापदांवरून अधिक नेमके कळते. लोकर कातरतात, निवडतात, पिंजतात, काततात आणि विणतात. ही मालिका एकाच दिशेने जाते आणि घोंगडीपाशी संपते. घोंगडीला चिंचोक्याची खळ देण्यासारख्या बारीकसारीक क्रियांनाही या मालिकेत स्थान आहे. परंतु मातीकडे वळणारे एकही क्रियापद तीत नाही.

याच्या उलट लेंडी हा शब्द पाहावा. 'लेंडीखत' हा समास सर्वत्र रूढ आहे. 'शेतात मेंढ्या बसविणे' या प्रयोगात तर खताचा उच्चार करण्याचीही आवश्यकता राहत नाही. 'बसविणे' या एका क्रियापदात लेंडी, मूत्र, खुरांनी होणारी जमिनीची तुडवण, कळपाचा रात्रीचा मुक्काम आणि त्याचा मोबदला एवढे सर्व गृहीत असते. बाहेरच्या माणसास 'मेंढ्या बसविल्या' या वाक्याचा अर्थ 'मेंढ्यांना खाली बसावयास लावले' एवढाच वाटेल. शेतकऱ्यास मात्र त्यात पुढील हंगामाचे पीक दिसते.

ही विभागणी केवळ आजची नव्हे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (इसवी सनाचे सहावे शतक) वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाडास फुले व फळे अधिक यावीत म्हणून तेथे जो योग सांगितला आहे, त्यात मेंढी व शेळी यांच्या लेंड्यांच्या चूर्णाचे प्रमाण मापासह दिलेले आहे. लोकरीला त्या योगात स्थान नाही. मेंढी ही एकाच वेळी वस्त्र देणारी आणि खत देणारी. पण तिच्या शरीरातून निघणाऱ्या या दोन वस्तू भाषेने दोन वेगळ्या घरांत नेऊन ठेवल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि लोकरीच्या ज्या गुणांशी आपल्याला येथे कर्तव्य आहे, ते मराठीस अज्ञात नव्हते. 'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार पाहा. लांबणीवर पडलेल्या, न मिटणाऱ्या प्रकरणास आपण भिजत घोंगडे म्हणतो. लोकर पाणी धरून ठेवते व ते सावकाश सोडते, या प्रत्यक्ष अनुभवाखेरीज हा वाक्प्रचार जन्मास आला नसता. तसेच लोकरीच्या कपड्यास 'कसर लागते' असे आपण म्हणतो. म्हणजे लोकर हे कोणाचे तरी अन्न आहे, हेही भाषेस माहीत आहे. फरक इतकाच की, पाणी धरणे हा गुण आपण खोळंबा म्हणून नोंदविला आणि अन्न असणे हा गुण नुकसान म्हणून. खताच्या दृष्टीने पाहू गेल्यास हे दोन्ही लोकरीचे गुणच ठरतात.

२. 'न धुतलेली' म्हणजे काय?

लोकरीचा तंतू केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. केस, नखे, शिंगे, खूर आणि पिसे हीदेखील याच वर्गातील प्रथिनांची बनलेली असतात. स्वच्छ व कोरड्या लोकरीत वजनाच्या सुमारे ५० टक्के कर्ब, सुमारे १६ टक्के नत्र आणि ३ ते ४ टक्के गंधक असते. वाळलेल्या लेंडीखतात नत्राचे प्रमाण सुमारे २ ते ३ टक्के धरतात, हे ध्यानात घेतल्यास तुलना स्पष्ट होईल. नत्राच्या दृष्टीने लोकर हा अतिशय संहत पदार्थ आहे.

मेंढीच्या अंगावरची लोकर ही केवळ तंतूंची जुडी नसते. तंतूंवर त्वचेतील ग्रंथींतून पाझरलेले मेण असते. त्यापासूनच लॅनोलिन काढतात. त्याखेरीज वाळलेल्या घामाचे क्षार असतात, आणि शिवाय धूळ, माती, लेंडीचे कण व गवताची कुसळे असतात. यांपैकी घामाचे क्षार पाण्यात सहज विरघळतात आणि त्यांत पालाश भरपूर असते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये लोकर धुतल्यावर उरलेल्या पाण्यातून पोटॅश काढण्याचा उद्योगच उभा राहिला होता. यावरून त्या द्रव्याच्या मोलाची कल्पना येईल. कापडाच्या दृष्टीने जो मळ, तो खताच्या दृष्टीने ऐवज होय. लोकर धुतली म्हणजे तिच्यातील नत्र बहुतांशी कायम राहते, परंतु पालाश निघून जाते.

आपल्याकडे कातरणीपूर्वी मेंढ्या ओढ्यात वा नदीत धुण्याची रीत आहे. ती विणकराच्या सोयीची आहे. लोकर खतासाठीच वापरावयाची असेल, तर धुण्याची ही पायरी गाळणे केवळ श्रम वाचविणारे नव्हे, तर हिताचेही आहे.

येथेच परिभाषेचा पहिला प्रश्न उद्भवतो. इंग्रजीवरून शब्दशः घेतल्यास या पदार्थास 'कच्ची लोकर' म्हणावे लागेल. कारखानदारीच्या भाषेत 'कच्चा माल' रूढ असल्याने ती योजना प्रथमदर्शनी निर्दोष वाटते. परंतु खताच्या क्षेत्रात 'कच्चा' या विशेषणास स्वतंत्र व ठाम अर्थ आहे. 'कच्चे शेणखत' म्हणजे न कुजलेले शेणखत. ते शेतात टाकू नये, त्याने हुमणी वाढते, हे शेतकरी जाणून असतो. त्याच्या कानावर 'कच्ची लोकर' हा शब्द पडला, तर तो पदार्थ अगोदर कुजवून 'पक्का' करावयाचा आहे, असेच तो समजेल. येथे अभिप्रेत असलेला भेद कुजण्या-न-कुजण्याचा नसून धुण्या-न-धुण्याचा आहे. म्हणून 'न धुतलेली लोकर' हीच योजना नेमकी होय. हिंदी पत्रकांवरून मजकूर घेणाऱ्यास आणखी एक अडचण येते. संस्कृत 'ऊर्णा'पासून आलेला 'ऊन' हा शब्द हिंदीत लोकरीचा वाचक आहे. मराठीत 'ऊन' हा 'उष्ण'पासून आलेला शब्द सूर्यप्रकाशाचा वाचक आहे. रूप एक आणि अर्थ भिन्न, अशा जोडीचे हे चांगले उदाहरण होय.

३. लोकर कशी कुजते?

केराटिन हे प्रथिन चिवट असते. त्याच्या शृंखला जागोजागी गंधकाच्या दोन-दोन अणूंच्या दुव्यांनी एकमेकींस बांधलेल्या असतात. साध्या प्रथिनाचे विघटन करणाऱ्या पुष्कळशा जीवाणूंना हे दुवे तोडता येत नाहीत. काही विशिष्ट जीवाणू आणि बुरश्या यांना मात्र ते साधते. दुवे सुटले म्हणजे शृंखला उलगडतात, त्यांचे लहान तुकडे होतात, तुकड्यांपासून अमिनो आम्ले, त्यांपासून अमोनिया आणि अखेरीस पिकास घेता येईल असे नायट्रेट, असा हा क्रम आहे. दुव्यांतील गंधकही याच ओघात सल्फेटच्या रूपाने मोकळे होते.

या क्रियेस ऊब, ओल आणि हवा या तिन्हींची गरज असते. कोरड्या पेटीत घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. ओल्या, उबदार मातीत तीच लोकर काही महिन्यांत विरघळू लागते आणि तिचा अंश दुसऱ्या हंगामापर्यंतही पुरतो. युरियाचे नत्र थोड्या दिवसांत उपलब्ध होते आणि त्यातील काही भाग हवेत व पाण्याबरोबर निघून जातो. विम्लधर्मी काळ्या जमिनीवर युरिया नुसता फेकून ठेवल्यास अमोनियाच्या रूपाने होणारा हा नाश विशेष असतो. लोकरीचे नत्र हप्त्याहप्त्याने सुटत असल्याने हा तोटा कमी होतो. हळदीसारख्या आठ-नऊ महिने जमिनीत राहणाऱ्या पिकास अशा संथ पुरवठ्याचा उपयोग उघड आहे.

आणखी एक मुद्दा कर्ब व नत्र यांच्या परस्पर प्रमाणाचा. पऱ्हाट्यांसारख्या पदार्थांत नत्राच्या मानाने कर्ब फार असतो. ते जमिनीत गाडल्यास कुजविणारे जीवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात व पीक पिवळे पडते. लोकरीत कर्ब नत्राच्या अवघा तिप्पट आहे. त्यामुळे ती कुजताना मातीतले नत्र ओढले जात नाही. उलट पऱ्हाट्या कुजविण्यास ती साहाय्य करते. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' हे नाव रूढ झालेली खत करण्याची पद्धत या भागात परिचित आहे. तिच्या थरांत पालापाचोळा व पऱ्हाट्यांच्या तुकड्यांबरोबर लोकरीचे पातळ थर घालणे, हा या गुणाचा सरळ उपयोग होय.

या ठिकाणी 'कुजणे' आणि 'सडणे' या मराठी क्रियापदांतील सूक्ष्म भेद उपयोगी पडतो. खत कुजते; धान्य वा फळ सडते. कुजण्यात परिणतीचा भाव आहे, सडण्यात नासाडीचा. हवा न मिळता पाण्यात साचून राहिलेली लोकर सडते आणि दुर्गंधी सोडते. मातीत मोकळेपणाने मिसळलेली लोकर कुजते. शास्त्रीय लेखनात हा भेद पाळला, तर अर्धी सूचना क्रियापदच देऊन जाते.

४. परदेशातील एक जुना दाखला

लोकर जमिनीत घालण्याची कल्पना जगास नवी नाही. इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात बॅटली येथे १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्या फाडून त्यांचे पुन्हा सूत काढण्याची युक्ती निघाली. त्या मालास 'शॉडी' असे नाव पडले. सूत काढण्यास अयोग्य असा आखूड कचरा वेकफील्ड आणि लीड्स या भागांतील ऱ्हुबार्बच्या मळ्यांत, तसेच केंट परगण्यातील हॉप वेलींच्या मळ्यांत खत म्हणून जाऊ लागला. ही दोन्ही बहुवर्षायू पिके असल्याने संथ नत्र त्यांना मानवले. 'शॉडी' या शब्दास पुढे इंग्रजीत 'हलक्या प्रतीचा, बनावट' असा अर्थ प्राप्त झाला. बाजाराच्या दृष्टीने वस्तूची पत उतरली म्हणजे तिच्या नावाचीही कशी उतरते, याचा हा नमुनेदार दाखला आहे. मळेवाल्याच्या दृष्टीने मात्र तोच माल मोलाचा होता. सांप्रत ऑस्ट्रिया, जर्मनी इत्यादी देशांत न धुतलेली लोकर दाबून तिच्या गोळ्या बनवितात आणि बागेसाठी विकतात. भारतात राजस्थानमधील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत टाकाऊ लोकरीच्या शेतीतील उपयोगाविषयी काम झालेले आहे. 'अविकानगर' या नावातील 'अवि' म्हणजे मेंढी. लॅटिनमधील 'ओविस' हा त्याचाच सगोत्र शब्द होय.

५. हिशेब

येथवरचे विवेचन वाचून कोणास असे वाटेल की, वसमत तालुक्याच्या हळदीस आता युरियाची गरज उरणार नाही. हा समज हिशेबाने तपासून पाहिला पाहिजे.

दख्खनी मेंढीपासून वर्षाकाठी सुमारे अर्धा किलो लोकर मिळते. १०० मेंढ्यांच्या कळपाची लोकर म्हणजे सुमारे ५० किलो. मळ, माती व ओल वजा जाता न धुतलेल्या लोकरीत नत्र १० टक्के धरले, तर १०० मेंढ्यांच्या लोकरीतून वर्षास ५ किलो नत्र मिळेल. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत, ४६ टक्क्यांच्या हिशेबाने, सुमारे २०.७ किलो नत्र असते. म्हणजे १०० मेंढ्यांची वर्षाची लोकर ही नत्रापुरती युरियाच्या पाव गोणीबरोबर होय. महाराष्ट्रात हळदीसाठी हेक्टरी २०० किलो नत्राची शिफारस आहे. ते सर्व लोकरीतून द्यावयाचे ठरविले, तर एका हेक्टरास ४,००० मेंढ्यांची वर्षाची लोकर लागेल.

हा आकडा पाहिल्यावर लोकर हे शिवाराचे खत होऊ शकत नाही, हे मान्य करावे लागते. तिचे क्षेत्र परसबाग, भाजीचा वाफा, फळझाडाचा खड्डा, रोपवाटिका आणि कुंडी हे होय. एका चौरस मीटरास १०० ग्रॅम लोकर दिली, तर १० ग्रॅम नत्र मिळते. हे प्रमाण हेक्टरी १०० किलो नत्राबरोबर, म्हणजे हळदीच्या शिफारशीच्या निम्मे होते. या प्रमाणाने १०० मेंढ्यांची लोकर ५०० चौरस मीटरांस, म्हणजे सुमारे पाच गुंठ्यांस पुरेल. पाच गुंठ्यांची भाजी ही एका कुटुंबाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. मर्यादा ओळखून केलेला उपयोग टिकतो. अतिशयोक्तीने केलेला प्रचार एका हंगामात संपतो.

६. वापरण्याची रीत व घ्यावयाची काळजी

लोकर मातीच्या पृष्ठभागावर पसरून ठेवू नये. कोरडी लोकर आरंभी पाणी झटकते, वाऱ्याने उडते, आणि पक्षी ती घरट्यांसाठी नेतात. ती कातरून दोन-तीन बोटे लांबीचे तुकडे करावेत. लांब तंतू वखराच्या पाशीस किंवा यंत्राच्या पात्यांस गुंडाळतात. तुकडे शेणाच्या पातळ काल्यात भिजवून, वीतभर खोलीपर्यंत मातीत मिसळावेत. काल्यामुळे तंतू ओले होतात आणि कुजविणाऱ्या जीवाणूंचे विरजणही मिळते. गोळे राहू देऊ नयेत. गोळ्याच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि तेथे सडण्यास आरंभ होतो. पावसाळ्याच्या तोंडाशी वाफे तयार करताना हे काम केल्यास पुढील ओलीचा लाभ मिळतो.

काळ्या जमिनीत लोकरीचा आणखी एक उपयोग संभवतो. लोकर हवेतील वाफ आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी शोषू शकते आणि तंतूंच्या पोकळ्यांत त्याहून कितीतरी अधिक पाणी धरते. तिच्या मिसळण्याने चिकण मातीत हवेला वाट राहते. गंधकाची उणीव असलेल्या जमिनींत तिच्यातील गंधकही उपयोगी पडते. स्फुरद मात्र लोकरीत नगण्य असते. त्यामुळे शेणखत, लेंडीखत किंवा हाडांचा चुरा यांची जोड दिल्याखेरीज केवळ लोकरीवर विसंबणे योग्य नव्हे.

धोके तीन आहेत. पहिला रोगाचा. काळपुळीचे बीजाणू लोकरीत व मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. एकोणिसाव्या शतकात यॉर्कशरमधील ब्रॅडफर्ड येथे लोकर निवडणाऱ्या कामगारांत हा रोग इतका आढळला की, त्यास त्यांच्या धंद्याचेच नाव पडले. म्हणून आजारी किंवा मेलेल्या मेंढीची लोकर कदापि वापरू नये आणि लोकर हाताळताना नाकातोंडावर कापड बांधावे. गोचिडांसाठी नुकतेच औषध लावलेल्या मेंढ्यांची लोकरही भाजीच्या वाफ्यास वर्ज्य मानावी. दुसरा धोका तणाचा. लोकरीत अडकलेल्या बियांमधून स्कॉटलंडमध्ये ट्वीड नदीच्या काठी शेकडो परकी वनस्पती उगवल्या व त्यांची स्वतंत्र सूची १९१९ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे कुसळी, गोखरू आणि गाजरगवत यांचे बी याच वाटेने वाफ्यात शिरेल. म्हणून लोकर झटकून, निवडून घ्यावी. तिसरा धोका अतिरेकाचा. एकाच जागी फार लोकर पडली तर क्षार व अमोनिया साचून कोवळी रोपे होरपळतात. बियाणे किंवा हळदीचे बेणे लोकरीस अगदी लागून ठेवू नये.

७. नाव आणि मोल

आता परिभाषेच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. मराठी कृषिलेखनात 'भरखत', 'जोरखत' आणि 'वरखत' अशी सुटसुटीत त्रयी रूढ आहे. शेणखत, लेंडीखत ही भरखते: वजनाने पुष्कळ, अन्नांशाने थोडी. पेंड, हाडांचा चुरा ही जोरखते: वजनाने थोडी, अन्नांशाने पुष्कळ. पीक उभे असताना वरून द्यावयाची ती वरखते. लोकर यांपैकी कोठे बसते? अन्नांशाच्या संहततेने पाहता ती जोरखत ठरते. परंतु 'जोर' या शब्दाने जी त्वरा सूचित होते, ती तिच्यात मुळीच नाही. आणि ती मातीखाली द्यावयाची असल्याने वरखत तर नव्हेच. म्हणून 'संथ जोरखत' अशी विशेषणयुक्त योजना करावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ती दिसावयास विरोधी वाटली, तरी वस्तुस्थितीशी जुळणारी आहे. पदार्थाचे सामान्य नाव म्हणून 'लोकरखत' हा समास शेणखत, लेंडीखत, सोनखत यांच्या पंक्तीस सहज बसतो आणि ऐकताक्षणी समजतो.

तथापि नामकरण हे निरुपद्रवी कृत्य नव्हे. नाव बदलले म्हणजे वस्तू एका मोजमापातून दुसऱ्या मोजमापात जाते. लोकर 'सूत' होती तेव्हा तिचे मोल विणकराच्या बाजारात ठरत होते. ती केवळ 'खत' झाली, तर तिचे मोल युरियाच्या दराने ठरविण्याचा मोह होईल. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीसाठी २०१८ साली कर व कडुलिंबाच्या लेपाचा खर्च वगळून २४२ रुपये असा अनुदानित दर ठरला. या दराने पाव गोणी नत्राचे, म्हणजे १०० मेंढ्यांच्या वर्षाच्या लोकरीचे मोल सुमारे ६० रुपये होईल. एवढ्यात कातरणीच्या एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरीही निघणार नाही. नाव देण्यातील ही जोखीम भाषेच्या अभ्यासकाने दृष्टिआड करता कामा नये. लोकरीला खत म्हणून मान्यता मिळावी आणि त्याच मान्यतेने मेंढपाळाच्या हाती काहीच येऊ नये, असा विपरीत परिणाम संभवतो.

यावर उपाय मराठीच्याच एका जुन्या क्रियापदात दडलेला आहे. 'मेंढ्या बसविणे' या व्यवहारात शेतकरी लेंडीचे वजन करीत नाही आणि नत्राची टक्केवारी विचारीत नाही. तो कळपाच्या रात्री मोजतो. मोबदला पदार्थाचा नसून सेवेचा असतो. आणि म्हणूनच रासायनिक खते स्वस्त झाली तरी तो व्यवहार टिकून राहिला. लोकरीचा समावेश याच करारात करता येईल. कातरणी शेतकऱ्याच्या रानात व्हावी, तिची मजुरी त्याने द्यावी, निवडलेली लोकर त्याच्या वाफ्यासाठी राहावी आणि कळपाच्या मुक्कामाच्या मोबदल्यात तेवढी वाढ व्हावी. अशाने मेंढपाळाचा कातरणीचा खर्च तरी त्याच्या अंगावर पडणार नाही. लोकरीपासून काहीच न मिळाल्याने मेंढपाळांचा कल माडग्याळसारख्या, अंगावर लोकर थोडी आणि मांस अधिक असलेल्या मेंढीकडे वळत आहे. दख्खनी मेंढी मागे पडली, तर तिच्याबरोबर लोकरीचे सगळे शब्दभांडारही जाईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे दोन कामे स्पष्ट दिसतात. एक, कातरणी, निवडणी व पिंजण यांविषयी मराठवाड्यातील मेंढपाळांच्या बोलीतील शब्द त्यांच्या क्रियापदांसह, प्रयोगांसह नोंदविणे. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–१९३८) यांतील नोंदींशी ते ताडून पाहिले, तर कोणते शब्द गळाले व कोणते नव्याने आले, हे कळेल. दुसरे काम आंतरविद्याशाखीय आहे. कुरुंद्यापासून फार दूर नसलेल्या परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या संस्थेच्या साहाय्याने काळ्या जमिनीतील हळदीच्या वाफ्यावर लोकरीची चाचणी घेता येईल. तिचे निष्कर्ष शेतकऱ्याच्या हाती जावयाचे असतील, तर ते 'कच्ची लोकर' अशा शब्दांत नव्हे, तर 'न धुतलेली लोकर' अशा शब्दांत गेले पाहिजेत. लोकर कातरणे, पिंजणे, कातणे, विणणे या मालिकेत 'पुरणे' हे एक क्रियापद आता जोडावयाचे आहे. ते जोडताना मेंढपाळाचे देणे ज्यात आपोआप येते, ते 'बसविणे' हे क्रियापद त्याच्या शेजारी राहील, एवढी दक्षता आपण घ्यावयास हवी.